मधला खेळाडू आघाडीला उभा राहतो तेव्हा

सोलापूर जिल्ह्यातल्या खो-खो स्पर्धेची बातमी वाचणाऱ्याला दोन आकडे हमखास मिळतात. कोणी किती गडी टिपले हा एक, आणि कोण किती वेळ पळत राहिले हा दुसरा. ‘२ मिनिटे १० सेकंद संरक्षण’ हे शब्द इथल्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाहीत. पळणाऱ्याने एकही गडी बाद केलेला नसला तरी त्याचे नाव मिनिट-सेकंदांसह छापून येते आणि विजयाचे श्रेय वाटताना त्याचा वाटा बाजूला काढलेला असतो. क्रिकेटच्या धावफलकातही धावांच्या जोडीला बळींचा रकाना असतोच. सोलापुरात जन्मलेल्या पॉली उम्रीगर यांनी १९६२ साली पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत ५६ आणि नाबाद १७२ धावा केल्या आणि त्याच सामन्यात एका डावात १०७ धावांत ५ बळी घेतले. ही कामगिरी आजही जशीच्या तशी वाचता येते, कारण तिच्या दोन्ही बाजू त्याच दिवशी लिहिल्या गेल्या.

हॉकीला हे भाग्य लाभले नाही. हॉकीच्या बातमीत गोल कोणी केला, कितव्या मिनिटाला केला, पेनल्टी कॉर्नरवर केला की मैदानी चढाईत, एवढे येते. त्या गोलाच्या आधी चेंडू कोणी हिसकावला, प्रतिस्पर्ध्याची वाट कोणी अडवली, आपला बचावपटू चढाईत पुढे गेला तेव्हा त्याची जागा कोणी भरली, हे कुठेही लिहिले जात नाही. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले. त्यातले १४ ध्यानचंदांचे होते आणि ते आपल्याला तोंडपाठ आहेत. त्याच पाच सामन्यांत भारतावर एकही गोल झाला नाही, ही तितकीच थोर गोष्ट मात्र आठवून सांगावी लागते. गोलरक्षक रिचर्ड ॲलन आणि सेंटर हाफ एरिक पेनिजर ही नावे तर हॉकीवर प्रेम करणाऱ्यांनाही चटकन आठवत नाहीत.

हे पुस्तक अशा खेळाडूंबद्दल आहे, ज्यांच्या मनात बचाव आधी येतो आणि तरीही ज्यांना संघाने आघाडीच्या फळीत, तेही मधोमध उभे केले. वरवर पाहता हा निर्णय उलटा वाटतो. गोल करणारे हात बाकावर बसवून चेंडू हिसकावणारे हात पुढे कशाला पाठवायचे? या प्रश्नाचे माझे उत्तर पुढच्या सगळ्या प्रकरणांत पसरलेले आहे आणि ते इथे एका वाक्यात सांगतो. चेंडू जिथे परत मिळतो तिथूनच चढाई सुरू होते. म्हणून चेंडू परत मिळवण्यात जो सर्वांत तरबेज आहे, त्याची जागा कधीकधी प्रतिस्पर्ध्याच्या गोलाजवळ असते.

ही गोष्ट समजण्यासाठी ‘सेंटर हाफ’ या जागेचा इतिहास थोडा पाहावा लागतो. जुन्या मांडणीत दोन फुलबॅक, तीन हाफ आणि पाच फॉरवर्ड असत. त्या तीन हाफमधला मधला खेळाडू म्हणजे संघाचा कणा. समोरच्या संघाचा सेंटर फॉरवर्ड त्याच्या अंगावर असे आणि आपल्या पाच फॉरवर्डना चेंडू पुरवण्याचे कामही त्याचेच. तो आपल्या गोलासमोर दिसे आणि दहा सेकंदांनी प्रतिस्पर्ध्याच्या वर्तुळाच्या तोंडाशीही दिसे. या जागेचा भारतीय खेळातला सर्वांत तेजस्वी काळ अजितपाल सिंग यांचा. १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूरला भारताने पाकिस्तानला २-१ असे हरवून विश्वचषक जिंकला. गोल सुरजित सिंग आणि अशोक कुमार यांचे होते, आणि संघाचे कर्णधार होते सेंटर हाफ अजितपाल. ते फार धावताना दिसत नसत. चेंडू कुठे येणार हे त्यांना आधी कळे आणि ते तिथे उभे असत. बचावाचे मन म्हणतात ते हेच. पुढचा पास कुठे जाणार, आणि तो तिथे गेला तर आपल्याला काय महाग पडेल, हे आधी दिसणे.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, माँट्रिऑल ऑलिंपिकची हॉकी कृत्रिम मैदानावर झाली आणि भारत सातव्या स्थानावर गेला. या घसरणीबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे, ते मी पुन्हा उगाळणार नाही. आपल्या विषयापुरते महत्त्वाचे इतकेच की मैदान बदलले आणि त्याबरोबर जागांचे अर्थही बदलले. कृत्रिम मैदानावर चेंडू उसळत नाही, सरळ आणि वेगाने जातो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ऑफसाइडचा नियम गेला. हवे तितक्या वेळा खेळाडू बदलता येऊ लागले, त्यामुळे प्रत्येकाने थोडा वेळ पण जीव तोडून धावावे अशी अपेक्षा आली. पुढे फ्री हिट स्वतःलाच घेऊन पळण्याची मुभा मिळाली आणि खेळाचा थांबा जवळजवळ नाहीसा झाला. पाच फॉरवर्डची ओळ तर केव्हाच मोडली होती. आता चेंडू गमावल्याबरोबर, त्याच क्षणी, तो परत मिळवण्यासाठी पुढच्या फळीनेच तुटून पडायचे, ही आधुनिक हॉकीची रीत झाली. प्रशिक्षक तिला ‘प्रेस’ म्हणतात.

प्रेस कसा चालतो हे थोडे सविस्तर सांगतो, कारण पुस्तकाचा अर्धा भाग त्यावर उभा आहे. हॉकीचे मैदान ९१.४० मीटर लांब असते आणि दोन्ही टोकांना गोलरेषेपासून सुमारे २३ मीटरवर एक रेषा असते. आपण आपल्या २३ मीटर रेषेवर चेंडू मिळवला, तर समोरचा गोल ६८ मीटर दूर असतो आणि मध्ये अख्खा प्रतिस्पर्धी संघ सावरून उभा राहतो. तोच चेंडू त्यांच्या २३ मीटर रेषेवर मिळाला, तर गोल २३ मीटरवर असतो. शिवाय त्या क्षणी त्यांचे बचावपटू चढाई रचण्यासाठी फाकलेले असतात. दोन बाजूंचे बचावपटू कडेला गेलेले, मधले दोघे एकमेकांपासून लांब. त्यांची रचना सर्वांत उघडी असते ती याच वेळी.

मात्र तिथे चेंडू मिळवणे हे नुसत्या धावण्याचे काम नाही. आघाडीला मधोमध उभा असलेला खेळाडू थेट चेंडूवर झेपावला तर एका पासात तो खेळातून बाद होतो. त्याने आधी मधला पास बंद करायचा असतो. स्टिक जमिनीला लावून, अंग किंचित तिरके ठेवून, चेंडूवाल्याला कडेकडे वळवायचे. कडेला एकदा ढकलला की बाहेरची रेषा हीच आपली जास्तीची बचावपटू होते. मग बाजूचा साथीदार झडप घालतो. चेंडू मिळतो त्याला, टाळ्याही त्याला. सापळा रचलेला असतो मधल्याने. हे काम जन्मजात गोल करणाऱ्याला शिकवता येते, पण त्याच्या मनाचा ओढा दुसरीकडे असतो. चेंडू गेला की तो क्षणभर हळहळतो. बचावाच्या मनाचा खेळाडू हळहळत नाही. चेंडू जाण्याआधीच तो कुठे जाईल याचा हिशेब त्याने केलेला असतो. या एका क्षणाच्या फरकासाठी प्रशिक्षक सेंटर हाफला पुढे नेतात.

या विचाराचा सर्वांत खोल अभ्यास आपल्या हॉकीपेक्षा बर्फावरच्या हॉकीत झाला आहे, म्हणून एक प्रकरण मी त्या खेळाला दिले आहे. सोलापूरच्या उन्हात आइस हॉकी दूरची वाटेल, पण तिच्या रचनेत आपला विषय अगदी उघडा दिसतो. तिथे गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन फॉरवर्ड असे सहा जण खेळतात. तीन फॉरवर्डमधला मधला म्हणजे सेंटर. फॉरवर्डच्या तिकड्यांना ‘लाइन’ म्हणतात, त्या पाऊण-एक मिनिटाने बदलत राहतात आणि पहिली लाइन ही संघाची सर्वांत मानाची. सेंटरने गोलाच्या संधी निर्माण करायच्या आणि चेंडूऐवजी असलेली चकती, म्हणजे पक, गेली की सर्वांत आधी मागे यायचे. ही दुहेरी जबाबदारी ओळखून उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगने १९७७-७८ च्या हंगामापासून बचावात सर्वोत्तम ठरणाऱ्या फॉरवर्डसाठी फ्रँक सेल्की करंडक सुरू केला. पहिली चार वर्षे तो माँट्रिऑलच्या बॉब गेनी यांनी जिंकला. बोस्टनचे सेंटर पॅट्रिस बर्जरॉन यांनी तो सहा वेळा मिळवला, आणि ते त्यांच्या संघाच्या पहिल्या लाइनचे सेंटर होते. कारकिर्दीत त्यांनी ४०० हून अधिक गोलही केले. बचावाचे मन आणि गोलाची भूक एकाच माणसात नांदू शकतात, याचा हा सर्वांत भक्कम पुरावा.

पण बर्जरॉन अपवादात्मक होते. आपल्याला अधिक शिकवते ते फिलिप दानो यांचे उदाहरण. २०२०-२१ च्या हंगामात माँट्रिऑलकडून खेळताना त्यांनी ५३ सामन्यांत फक्त ५ गोल केले. नुसते आकडे पाहिले तर अशा खेळाडूला आघाडीच्या सेंटरची जागा कोणी देणार नाही. बाद फेरीत त्यांच्यासमोर टोरोंटोचे ऑस्टन मॅथ्यूज आले, त्या हंगामात ५२ सामन्यांत ४१ गोल करून लीगमध्ये अव्वल ठरलेले. दानो यांची लाइन मॅथ्यूज यांच्या अंगावर सोडली गेली. सात सामन्यांत मॅथ्यूज यांना एकच गोल करता आला. माँट्रिऑलने ती मालिका जिंकली आणि १९९३ नंतर प्रथमच अंतिम फेरी गाठली. तिथे मात्र टँपा बेपुढे ते हरले. सगळ्या बाद फेरीत दानो यांचा स्वतःचा गोल एकच होता. पुढच्या हंगामात ते लॉस एंजेलिसला गेले. तिथे आन्झे कोपिटार हा बचावातही तितकाच तरबेज सेंटर पहिल्या लाइनवर आधीपासून होता. दुसऱ्या लाइनवर मोकळे झालेल्या दानो यांनी २७ गोल केले.

या दोन हंगामांतून मी दोन निष्कर्ष काढतो. बचावाच्या मनाचा सेंटर सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्यासमोर उभा राहिला तर संघ खूप दूर जातो, पण गोल करणारे दुसरे कोणी नसेल तर शेवटची पायरी राहून जाते, हा पहिला. आणि ज्याला आपण ‘हा गोल करणारा नाही’ म्हणून शिक्का मारतो, त्याचे गोल कित्येकदा त्याच्यावर टाकलेल्या कामाखाली दबलेले असतात, हा दुसरा.

आता आपल्या मातीकडे येऊ. महाराष्ट्राने हॉकीला दिलेले सर्वांत मोठे नाव धनराज पिल्ले. खडकीच्या मैदानांवर घडलेला, वाऱ्यासारखा सुटणारा आघाडीवीर. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धा खेळलेला, १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णविजेत्या संघाचा कर्णधार. आघाडीवीर कसा असावा याची आपल्या मनातली प्रतिमा धनराजने घडवली आहे आणि तिचा अभिमान मलाही आहे. पण त्याच राज्याने, विशेषतः मुंबईच्या मैदानांनी, मधल्या फळीची एक शांत परंपराही जपली. भारत पेट्रोलियमकडून खेळणारे एम. एम. सोमय्या १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये सुवर्णविजेत्या संघात होते आणि १९८८ ला सोलमध्ये ते कर्णधार होते. जोकिम कार्व्हालो १९८४ चे ऑलिंपिक खेळले आणि पुढे २००७ च्या चेन्नईच्या आशिया चषकात विजेत्या भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. विरेन रस्किन्हा २००१ च्या कनिष्ठ विश्वविजेत्या संघातून वर आला, २००४ ला अथेन्समध्ये खेळला, आणि पुढे ‘ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट’च्या माध्यमातून इतर खेळाडूंच्या पदकांसाठी झटत राहिला. हे सगळे आधी प्रतिस्पर्ध्याची वाट अडवणारे आणि मग आपल्या आघाडीची वाट मोकळी करणारे खेळाडू. मुंबईच्या मधल्या फळीवर स्वतंत्र प्रकरण लिहिताना मला सारखे जाणवत राहिले की यांच्याबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत, लिहिलेले मात्र फारच थोडे.

सोलापूरकरांना सर्वांत जवळचे उदाहरण माळशिरस तालुक्याची शीव ओलांडली की सापडते. फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके भारताच्या वरिष्ठ संघापर्यंत पोहोचली आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेतल्या कांस्यपदक विजेत्या संघात होती. २०२४ च्या मध्यावर प्रो लीगसाठी संघ जाहीर झाला तेव्हा तिचे नाव मधल्या फळीत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राजगीरला भारताने अंतिम सामन्यात चीनला १-० ने हरवून आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकला, तेव्हा ती बचावपटूंच्या यादीत होती. फलटण परिसरातूनच बचावपटू अक्षता ढेकळे आणि आघाडीवीर ऋतुजा पिसाळ याही भारताच्या संघांत पोहोचल्या. उसाच्या आणि दुधाच्या या पट्ट्यातून आघाडी, मधली फळी आणि बचाव अशा तिन्ही ठिकाणच्या मुली तयार होतात, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक क्रीडाशिक्षकाने मनावर घ्यावी अशी आहे.

एकाच खेळाडूने जागा बदलत राहणे याला आजही आपल्याकडे कमीपणाचे मानले जाते. ‘त्याची जागा पक्की नाही’ असे पालक खंतावून सांगतात. पण भारताच्या पुरुष संघाकडे पाहा. शमशेर सिंग टोकियो ऑलिंपिकला आघाडीवीर म्हणून गेला आणि पॅरिसला मधल्या फळीतला खेळाडू म्हणून. दोन्ही वेळा संघाने कांस्यपदक आणले. पॅरिसच्या उपांत्यपूर्व सामन्यात, ४ ऑगस्ट २०२४ रोजी, ब्रिटनविरुद्ध अमित रोहिदासला १७ व्या मिनिटाला लाल कार्ड मिळाले. उरलेली चाळीसहून अधिक मिनिटे भारत दहा खेळाडूंनिशी लढला. मधल्या फळीतला मनप्रीत सिंग बचावात उतरला आणि आघाडीवीर आपल्या वर्तुळापर्यंत मागे धावत राहिले. सामना १-१ असा सुटला आणि शूटआउटमध्ये भारत ४-२ ने जिंकला. आघाडीच्या फळीत बचाव जाणणारे खेळाडू असणे म्हणजे काय, हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले.

या विचाराच्या मर्यादाही इथेच स्पष्ट सांगतो, म्हणजे वाचक त्या डोळ्यांसमोर ठेवून पुढे जाईल. बचावाच्या मनाचा खेळाडू आघाडीत ठेवायचा तर त्याच्या दोन्ही बाजूंना गोल करण्याची भूक असलेले साथीदार हवेत. दोघेही त्याच्यासारखेच असले तर संघ हरणार नाही, पण जिंकणारही नाही. दुसरे, हे काम शरीर झिजवणारे आहे. मागे-पुढे सतत धावणाऱ्या खेळाडूला वेळेवर बाहेर काढले नाही, तर शेवटच्या पंधरा मिनिटांत तोच सापळा उघडा टाकतो. तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. ज्याच्याकडून प्रशिक्षक बचाव मागतो त्याचे मोजमाप गोलांवर करणे हा अन्याय आहे. असे दोनदा घडले की तो खेळाडू आपले काम सोडून गोलांच्या मागे लागतो आणि संघाची रचनाच ढासळते.

हा अन्याय सुरू होतो तो शाळेत. जिल्हास्तरीय नेहरू हॉकी स्पर्धेतून मुले निवडताना नजर गोल करणाऱ्यावर जाते, कारण हाताशी आकडा तोच असतो. आपल्याकडे बरीच मुले मुरुमाच्या मैदानावर शिकतात. तिथे चेंडू कधी उसळेल याचा नेम नसतो, म्हणून चेंडूच्या रेषेत अंग आणि स्टिक आणण्याची सवय त्यांना लवकर लागते. ही बचावाची पहिली विद्या आहे, आणि ती ज्यांच्यात दिसते त्या मुलांना आपण ‘मेहनती आहे’ एवढे म्हणून मागे ठेवतो.

म्हणून या पुस्तकाच्या शेवटी मी एक नोंदवही सुचवली आहे. सामन्याला बाकावर बसलेल्या एका मुलाच्या हाती ती द्यावी. तिच्यात चार रकाने असावेत. चेंडू कोणी हिसकावला. मैदानाच्या कोणत्या भागात हिसकावला. त्यानंतर पाच पासांच्या आत आपण वर्तुळात शिरलो का. आणि आपण चेंडू गमावला तेव्हा सर्वांत आधी मागे कोण वळले. यासाठी यंत्र लागत नाही, कॅमेरा लागत नाही. एक पेन्सिल आणि लक्ष देणारे डोळे पुरतात. चार-पाच सामन्यांची वही भरली की प्रशिक्षकाला आपल्याच संघातला एखादा खेळाडू नव्याने दिसेल अशी माझी खात्री आहे. बाकावर लिहीत बसलेला मुलगाही खेळ पाहायला शिकेल, हा वरचा लाभ.

पुस्तकाची मांडणी अशी आहे. पहिल्या भागात सेंटर हाफच्या जागेचा इतिहास, दुसऱ्यात प्रेसचे तंत्र आकृत्यांसह, तिसऱ्यात देशोदेशींच्या खेळाडूंच्या कथा आणि चौथ्यात सराव. प्रशिक्षकांनी चौथ्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल. खेळाडूंनी मात्र तिसरा भाग आधी वाचावा. आपल्यासारखेच कोणी, आपल्यासारख्याच शंका घेऊन, पुढे उभे राहिले होते हे कळले की तंत्र शिकणे सोपे जाते. ज्या क्रीडाशिक्षकांनी पहाटेच्या सरावात मला कडेला उभे राहू दिले आणि माझ्या प्रश्नांना वेळ दिला, त्यांचा मी मनापासून ऋणी आहे.

वाचकाकडे एकच मागणे आहे. यापुढे हॉकीचा सामना पाहाल तेव्हा गोल झाल्यावर जल्लोष जरूर करा, पण लगेच मागचे दहा सेकंद आठवा आणि चेंडू कोणी मिळवून दिला त्याचे नाव शेजारच्याला सांगा. खो-खोत पळणाऱ्याच्या प्रत्येक सेकंदाची नोंद ठेवणाऱ्या या जिल्ह्याने हॉकीतल्या संरक्षणालाही तोच न्याय द्यायला सुरुवात केली, तर राज्यातल्या इतर जिल्ह्यांना आपल्याकडून शिकावे लागेल.

सोलापूर